खिंडीतली शिट्टी

दिवस मावळायला आला की केसरबाई ओट्याच्या कडेला येऊन बसायची. मांडीवर निवडायला काहीतरी असायचं, पण कान खिंडीकडं. बोरटेक गावचं तळं थंडीतच आटलं होतं. तळाचा गाळ भेगाळून त्याच्या कडा पापडासारख्या वर वळल्या होत्या. मधे पाणी नसल्यामुळं की काय, पलीकडचा आवाज आता थेट ओट्यावर येऊन पडायचा. आधी कुत्र्यांना ऐकू यायचा, मग केसरबाईला. बारीक, ताणलेली, वर वर चढत जाणारी शिट्टी.

"आला आप्पा," ती म्हणायची.

आत चुलीपाशी छबुबाई भाकरी थापत असायची. भाकरीवरचा हात तेवढा थांबायचा.

आप्पाराव, केसरबाईचा थोरला लेक आणि छबुबाईचा नवरा, जाऊन दोन उन्हाळे झाले होते. त्याची जीप आता धाकटा भाऊ गहिनीनाथ चालवायचा. सकाळ-संध्याकाळ दुष्काळातल्या चारा छावणीतलं दूध कॅनात भरून दूध संस्थेच्या वतीनं कडा गावच्या शीतकरण केंद्रावर पोचवायचं आणि रिकामे कॅन घेऊन परत यायचं. येताना खिंडीचा चढ चढताना इंजिनावर जोर पडला की त्याला हवा पुरवणारा टर्बो शिट्टी घालायचा. आप्पाराव होता तेव्हाही घालायचा, पण तळ्याच्या पाळीपाशी आल्यावर ऐकू यायची एवढीच. आता ती खिंडीच्या पलीकडूनच ऐकू यायला लागली होती.

"त्याचा आवाज वाढलाय," केसरबाई शेजारणींना सांगायची. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी असं काही यायचं की शेजारणी नुसती मान डोलवायच्या.

जीप दारात आली की चाकं पुरती थांबायच्या आत गहिनीनाथ किल्ली फिरवायचा. इंजिन गप्प. मगच तो खाली उतरायचा. हा त्या घराचा नियमच झाला होता, कुणी न बोलता केलेला.

आप्पारावची रीत वेगळी होती. तो दारात आला की गाडी तशीच चालू ठेवून स्टिअरिंगवर हात टाकून बसायचा. छबुबाई आतून ओरडायची, "उतरा की, च्या निवायलाय." तो म्हणायचा, "तिला जरा दम खाऊ दे." घरातले हसायचे. दम त्यालाच लागतो आणि नाव गाडीचं, असं सगळ्यांना वाटायचं.

एका संध्याकाळी तो असाच बसला. छबुबाईनं चहा कपात ओतला, वर बशी झाकली आणि ती पीठ मळायला लागली. बाहेर इंजिन संथ वाजत होतं, म्हणजे तो बसलाय. चहावर साय धरली. पीठ मळून झालं. इंजिन वाजतच होतं. शेवटी केसरबाई उठून बाहेर गेली. आप्पाराव स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसला होता आणि गाडीच्या हादऱ्यानं त्याचे खांदे बारीक हलत होते. म्हणून तिला वाटलं, हसतोय.

त्यानंतर त्या दारात चालू इंजिन कुणाला सोसलं नाही.

*

चैत्राच्या शेवटाला गाडी चढावर दमायला लागली. छावणी गावाबाहेरच्या माळावर होती. हिरव्या जाळीच्या सावलीत जनावरं बांधलेली, जनावरांनी टाकलेल्या उसाच्या वाढ्यांच्या चगळात माणसं झोपलेली. सकाळचं दूध निघालं की पुढं उन्हाशी शर्यत लागायची. एका सकाळी गहिनीनाथनं भरलेल्या कॅनांवर ओली पोती टाकली आणि तो निघाला. खिंडीत त्यानं पाय पूर्ण दाबला तरी जीप ओझ्याखालच्या बैलासारखी मान खाली घालून रांगत होती. शिट्टी मात्र कानात दाभण घातल्यासारखी. आरशात पाहिलं तर मागं निळसर धूर, आणि धुरात खिंड दिसेना.

केंद्रावर पोचायला उशीर झाला. तिथल्या माणसानं एका कॅनमधलं दूध पळीत घेऊन तापवलं. ते फाटलं. त्यानं कॅन पायानं बाजूला सारला.

"हे घेऊन जा."

नासलेल्या दुधाचा कॅन घेऊन गावात शिरणं म्हणजे काय, ते गहिनीनाथला त्या दिवशी कळलं. पारावरच्यांनी नाकाला पटके लावले. ते दूध ज्यांच्या म्हशींचं होतं, त्यांतली एक बाई झाकण उघडून आत बघत राहिली. तिनं छावणीत राहून, स्वतः शिळं खाऊन म्हशीला पेंड घातली होती.

संस्थेचा चेअरमन मोहनराव ऑफिसच्या दारातच उभा होता.

"गाडी चालवतूस का वरात काढतूस बे?"

"चढाला वढंना झालीय, अण्णा."

"मग दाखव की कुनाला. दूध काय तुझी वाट बघत बसनार हाय? आप्पाराव व्हता तवर एक थेंब परत आला न्हाई." मग आवाज उतरवून म्हणाला, "हे बघ, खर्चाला संस्था हात लावील, पगारातून वळतं करू. पर दुसऱ्यांदा नासलं तर मला दुसरी गाडी बघावी लागंल. लोकांचं तोंड मी धरू शकत न्हाई."

*

कड्यातल्या राधाकिशन मिस्त्रीच्या गॅरेजवर पत्र्याखाली उभं राहिलं की डोक्यातलं पाणी आटावं असं ऊन. राधाकिशन बोलका, थोडा लबाड, पण हात हलका. त्यानं टर्बोची जाड रबरी नळी ओढून काढली, आत दोन बोटं घातली आणि म्हणाला, "ये. बोट घाल. ती दांडी हालती का बघ."

गहिनीनाथनं बोट घातलं. आत छोटासा पंखा होता, कडा पात्यासारख्या. त्याच्या मधली दांडी दुखऱ्या दातासारखी हलली.

"हालतीय."

"हालाय न्हाई पायजे. बघ, एका दांडीवर दोन पंखे. धूर बाहीर जाताना एकाला फिरवतो, दुसरा हवा आत ढकलतो. ही दांडी कशावर बसलेली न्हाई, नुसत्या इंजिनाच्या त्यालावर तरंगती. इंजिन बंद झालं की त्याल बंद. पर पंखा तर लगेच थांबत न्हाई. तापलेला, कोरडा, तसाच फिरत ऱ्हातो. आतलं त्याल जळून काजळी व्हती, दांडी झिजती, मग पंखा खोक्याच्या भितीला घासाया लागतो." त्यानं बोटं चिंधीला पुसली. "गाडी थांबली की लगेच किल्ली मारतूस का?"

"मारतो."

"कावून?"

गहिनीनाथनं पत्र्याच्या भोकातून जमिनीवर पडलेल्या उन्हाच्या ठिपक्याकडं पाहिलं.

"डिझेल वाचतं," तो म्हणाला.

"डिझेल वाचलं अन् ह्याचं वाटोळं झालं. तुझा भाऊ असं करायचा न्हाई. हितं आला तरी गाडी चालू ठिवून बसायचा. मी म्हनायचो, आप्पाराव, बंद करा की, कानाचे पडदे फाटायलेत. त्यो म्हनायचा, तिला दम खाऊ द्या."

उन्हाचा ठिपका जागेवरून किंचित सरकला होता. म्हणजे तो दम खरोखर गाडीचाच होता. एवढी वर्षं घरातले हसत आले ते भलत्याच गोष्टीला.

"आता?" गहिनीनाथनं विचारलं.

"दोन रस्ते. एक, वरचं खोकं हेच ठिवायचं अन् आतला गाभा नवा भरायचा. नगरला पाठवावं लागंल. हलक्यात हुईल, पर खोक्याला आतून चरे पडलेत, किती दिवस टिकंल ते मी लिहून देनार न्हाई. दुसरं, सगळाच नवा बसवायचा. मग हा जुना मोडीत दुकानदाराला द्यावा लागतो. भंगारातला बी मिळंल, पर त्यो कुन्या गाडीतून निघाला अन् तिथं काय झालं व्हतं, ते आपल्याला म्हाईत नसतं." तो हसला. "दुसऱ्याच्या घरचं भूत."

"अन् तसंच चालवलं तर?"

राधाकिशनचं हसू गेलं. "तर एक दिवस ती तुझं ऐकनार न्हाई. आतलं त्याल गळून हवेच्या वाटंनं इंजिनात जाईल. डिझेलच्या इंजिनाला काय, जळनारं कायबी चालतं. स्वतःचंच त्याल पिऊन पळंल. किल्ली काढून खिशात घातलीस तरी पळंल."

*

जेवताना त्यानं सगळं सांगितलं. आप्पाराव बसायचा तो पाट भिंतीला टेकून उभा होता. त्यावर कुणी बसत नसे. केसरबाई अमावास्येला तो पुसायची, बाकी कुणी हात लावायचं नाही.

"नवं बसवलं की शिट्टी ऱ्हाईल का?" केसरबाईनं विचारलं.

"न्हाई ऱ्हानार, माय."

"अन् त्यो गाभा भरला तर?"

"तरी जाईल. ऱ्हाईली तर थोडीशी."

केसरबाईनं ताटातली भाकरी मोडली, पण तोंडात घातली नाही. "मग ऱ्हाऊ दे हाय तसं. चालतीय नव्हं? दिसभरात तेवढंच एक येतं माझ्या कानाला."

"माय, दूध नासलं आज."

"एक डाव नासलं. त्याच्या टायमाला बी कवा नासलंच असंल."

गहिनीनाथनं वहिनीकडं पाहिलं. छबुबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. तिची पाठ दिसत होती, तोंड दिसत नव्हतं.

"वैनी, तुमी काय म्हनता?"

"मी काय म्हनू, भावजी?" ती म्हणाली. मग चुलीतलं लाकूड मागं ओढताना हळूच म्हणाली, "मला ती शिट्टी ऐकली की अजून बी वाटतं, च्या ठिवावा."

केसरबाईनं ताट पुढं सारलं.

गहिनीनाथनं निर्णय घेतला नाही. न घेणं सोपं होतं. तो रोज सकाळी इंजिनात तेल ओतायचा, आणि रोज ते कालच्यापेक्षा जास्त लागायचं. दूध तो पहाटे लवकर काढायला लावायचा, छावणीतल्या बाया कुरकुरायच्या. चढाला तो गाडीशी बोलायचा, "चल माझी बाय, एवढं एक." शिट्टीला आता खरखर आली होती. सुरुवातीला बारीक, मग घशातून, मग शेवटी कुणीतरी दात आवळून ओढल्यासारखी. ओट्यावर बसलेली केसरबाई तरीही हसायची. "आला."

एकदा खिंडीत उतरून त्यानं बोनेट उघडलं. आजूबाजूला माळ पसरलेला, एक झाड नाही. इंजिन बंद होतं, तरी आत काहीतरी किणकिणत होतं. तापलेलं लोखंड निवताना वाजतं, हे त्याला माहीत होतं. तरी तो ते थांबेपर्यंत उभा राहिला, आणि मगच त्यानं पुन्हा किल्ली लावली.

*

ज्या संध्याकाळी ते झालं, त्या संध्याकाळी वारा पडला होता. शिट्टी खिंडीतून निघाली आणि उतारावरही थांबली नाही. जीप तळ्याच्या पाळीवरून आली तेव्हा मागं पांढऱ्या-निळ्या धुराचा लोळ होता. पारावरची माणसं उठून उभी राहिली.

गहिनीनाथनं दारात ब्रेक दाबला आणि नेहमीप्रमाणं किल्ली फिरवली.

इंजिन बंद झालं नाही.

त्यानं किल्ली पुन्हा लावून फिरवली, मग उपसूनच काढली. किल्ली त्याच्या मुठीत होती आणि इंजिन वाजत होतं. वाजत नव्हतं, चढत होतं. कुणी पाय दाबलेला नसताना त्याचा आवाज वर वर जात होता. जीपचा पत्रा थरथरायला लागला, मागचे रिकामे कॅन एकमेकांवर आपटायला लागले. धुरानं ओटा दिसेना.

इंजिन अडवून बंद पाडायला त्यानं दोन्ही पाय ब्रेक-क्लचवर रोवले, टॉप गिअर टाकला आणि क्लच सोडला. गाडी एकदा उसळली, जळक्या प्लेटचा वास आला आणि क्लच घसरला. इंजिन तसंच ओरडत राहिलं.

"आप्पा!" धुरातून केसरबाईची हाक आली. ती ओट्यावरून उतरून जीपकडं येत होती, हात पुढं करून. "आप्पा, बस कर रं! किती वरडशील! बस कर, लेकरा!"

"माय, माघारी व्हा! फुटंल!"

गहिनीनाथनं खाली उडी मारली, बोनेट उघडलं. तोंडावर भट्टीसारखी झळ आली. राधाकिशननं ओढली होती ती जाड नळी त्यानं हवेच्या फिल्टरच्या बाजूनं ओढून काढली. तिचं मोकळं तोंड वर आलं, आणि ते तोंड हवा ओढत होतं, सूं सूं करत, तहानलेल्या जनावरासारखं. हवा तोडली की ते मरेल, एवढं त्याला कळलं. त्यानं तळहात पुढं केला.

"हात न्हाई! भावजी, हात न्हाई!"

छबुबाई दारातून पळत आली. तिच्या हातात पाट होता. भिंतीला टेकलेला, दोन वर्षं कुणी न हलवलेला आप्पारावचा पाट. ती गाडीवर ओणवी झाली आणि तिनं तो पाट त्या तोंडावर दाबला. आपल्या सगळ्या वजनानं, कोपर ताठ करून, डोळे गच्च मिटून.

नळी गळ्यासारखी आवळली गेली. पाट असा खेचला गेला की तिचे हात त्याला चिकटल्यासारखे दिसले. इंजिन एकदा ठेचकाळलं. मग दोनदा मोठ्यानं हादरलं, सगळी जीप डावीकडून उजवीकडं डोलली, आणि थांबलं.

एवढं शांत त्या दारात त्यापूर्वी एकदाच झालं होतं.

छबुबाईनं पाट सोडला नाही. गहिनीनाथनं तिची बोटं एकेक करून सोडवली. पाटाच्या खालच्या बाजूला नळीच्या तोंडाचा काळा गोल उमटला होता.

*

दुसऱ्या दिवशी राधाकिशन ट्रॅक्टर घेऊन जीप ओढून न्यायला आला. मोहनरावनं दूध न्यायला दुसरी गाडी लावली होती. "तुझी नीट हुईस्तवर," तो म्हणाला, आणि गहिनीनाथला ऐकू आलं, तुझी नीट झाली तर. राधाकिशननं तेलाची पट्टी बाहेर काढून बघितली, नळीत बोट फिरवलं.

"नशीब म्हना. वेळेवर दम कोंडला. अजून थोडं पळालं असतं तर इंजिनच गेलं असतं. आता बोल, गाभा का नवा?"

केसरबाई ओट्यावरून खाली आली. 

"मिस्त्री, ती शिट्टी कशाची असती ओ?"

"कशाची म्हंजे? आतला पंखा भितीला घासतो, त्याची."

"पैल्यापासूनच घासत व्हता का?"

"थोडी शिट्टी तर निरोग्याची बी असती, मावशी. पर ह्या दोन वर्सात जी वाढली, ती दुखन्याची. आवाज हाच आजार हाय तिचा."

केसरबाईनं पदर तोंडाला लावला. ती जीपच्या बोनेटवर हात ठेवून उभी राहिली. लोखंड रात्रभरात थंड झालं होतं.

"म्हंजे दोन वर्सं कन्हत व्हतं," ती म्हणाली, "अन् मी दारात बसून हासत व्हते."

"माय, गाडी हाय ती," गहिनीनाथ म्हणाला.

"मला म्हाईत हाय गाडी हाय." तिनं हात काढला. "नवा बसवा. जुन्यातलं कायबी ठिवू नका. त्या दुकानदाराला देऊन टाका. सुटू दे."

छबुबाई दारात उभी होती. तळहातांवर पाटाच्या कडेचे वळ. तिनं होकारार्थी मान हलवली, एवढीच.

निघताना राधाकिशननं गहिनीनाथला बाजूला घेतलं. "नवा बसवीन, पर एक ध्यानात ठेव. चढ चढून आलास की किल्लीला लगेच हात लावायचा न्हाई. चालू ठिवून बसायचं. न्हाईतर पुन्यांदा हेच."

"दारात?"

"जिथं थांबशील तिथं."

गहिनीनाथच्या मनात आलं, खिंडीच्या अलीकडं, तळ्याच्या पाळीवर थांबून तिथंच दम खाऊ द्यावा आणि मग गाडी ढकलत घरी आणावी. हा विचार त्यानं खरोखर केला, जीप नीट होईपर्यंत रोज केला.

*

नव्या टर्बोची जीप खिंड चढली तेव्हा त्यालाच खोटं वाटलं. मागं धूर नाही, आवाज नाही, नुसता चाकाखालचा खडा. केंद्रावर त्या दिवशी सगळं दूध घेतलं होतं. उतरताना त्याला गावातले दिवे दिसले, ओटा दिसला आणि त्यावरची आकृतीही दिसली. तिचं तोंड खिंडीकडंच होतं, पण ती कुठंच बघत नव्हती. ती ऐकत होती.

तळ्याच्या पाळीवर तो थांबला. पाय ब्रेकवर होता. इंजिन संथ वाजत होतं. इथं कुणी नव्हतं, भेगाळलेला गाळ तेवढा होता. मग त्यानं ब्रेक सोडला.

जीप दारात आली तेव्हा कुत्रीही उठली नाहीत.

"कोन हाय?" केसरबाईनं विचारलं.

दोन वर्षांत तिनं हे विचारलं नव्हतं.

"मी हाय, माय. गहिनीनाथ."

तो उतरला नाही. किल्लीवरचा हात त्यानं मागं घेतला आणि स्टिअरिंगवर ठेवला. मग तिथूनही काढून मांडीवर ठेवला. इंजिन वाजत राहिलं. केसरबाई ओट्याला धरून बसली. आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मग काहीच नाही. चुलीचा उजेड दारातून अंगणात पडला होता, त्यात कुणी हललं नाही.

इंजिन वाजत राहिलं.

गहिनीनाथला आपले खांदे गाडीच्या हादऱ्यानं हलताना जाणवले. ते आवरून धरायचा त्यानं प्रयत्न केला. आवरत नव्हते. आपण मागून कसे दिसत असू, हे त्याला कळलं. वळून बघायची हिंमत झाली नाही.

मग उजेडात सावली आली. छबुबाई बाहेर आली. हातात कप, वर बशी झाकलेली नव्हती. ती जीपच्या खिडकीपाशी आली, दुसऱ्या हातानं दार धरलं आणि तिथं उभी राहिली. तिनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि पाहतच राहिली. पापणी मिटायला भीत असल्यासारखी.

"भावजी?"

"हां."

"च्या."

त्यानं कप घेतला. चहा गरम होता, ओठ भाजले. ती दार सोडीना.

"भावजी?"

"हां, वैनी."

"अजून किती?"

"झालंच. तिला दम खाऊ द्या."

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला कळलं कुणाचे होते ते. छबुबाईच्या हाताची पकड दारावर घट्ट झाली, पण ती हलली नाही. त्यानं चहा संपवला, सावकाश, तिच्यासमोर, तळाच्या साखरेपर्यंत. मग किल्ली फिरवली.

इंजिन थांबलं. पण आत, लोखंडाच्या पोटात, तो छोटा पंखा अजून फिरत होता. एक बारीक सुस्कारा, उतरत जाणारा, आणखी बारीक. केसरबाईनं ओट्यावरून मान वळवली. तिघंही तो ऐकत राहिली. तो संपला. संपल्यावरही थोडा वेळ ऐकत राहिली.

"गहिन्या," केसरबाई म्हणाली, "उतर आता. जेवायला चल."